बिनपाण्याचा साहेब

अहो, फाटकाजवळचा रांजण मी पालथा घातला आहे. तुम्हाला आवडलं नसतं, ठाऊक आहे. पण तुम्हाला हॉस्पिटलातून शेवटचं घरी आणलं त्या दिवशी अंगणात गर्दी होती. कुणाचा तरी धक्का लागला, रांजणाचं झाकण फुटलं आणि पाण्यात शेजारच्या कडुनिंबाचा पाला पडायला लागला. उघड्या पाण्यावर डास होतात, म्हणून पालथा घातला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "झाकण फुटलं तर ताटली ठेव. रांजणानं काय केलंय?" मग त्यावरून आपलं जेवणाची वेळ होईपर्यंत चाललं असतं.

परवा व्हिडिओ कॉलवर इरानं विचारलं, "आजी, आजोबा नेमकं काय काम करायचे?" मागून नीहार म्हणाला, "इन्शुरन्समध्ये होते ना." एका शब्दात तुम्ही संपलात. मी म्हटलं, लिहून पाठवते. टेबल पुसलं, कागद सारखे करून घेतले, चष्मा लावला आणि पहिला शब्द 'अहो' असा उमटला. तो खोडावासा वाटला नाही. ही नातवंडं वाचतील, मराठी हळूहळू वाचतात म्हणून सोपं लिहीन. पण बोलायचं आहे ते तुमच्याशी. आपल्या दोघांत एक प्रश्न शेवटपर्यंत मिटला नव्हता. सोनाबाईंनी दिलेलं पाणी खरं होतं की नाही, हा. त्याचं उत्तर तुम्ही गेल्यावर घरी चालून आलं. तेही सांगायचं आहे.

आधी मुलांसाठी काम सांगते. विमा उतरवलेल्या म्हशीच्या कानात कंपनी आकड्याचा बिल्ला ठोकायची. म्हैस मेली की घरच्यांनी कळवायचं आणि मग कंपनीचा सर्व्हेअर जायचा. मेलेलं जनावर विम्याचंच आहे का, कशानं मेलं, हे त्यानं ते उचलून नेण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि अहवाल द्यायचा. बिल्ला नसेल तर दावा नाही, इतका तो साधा आणि कडक कारभार होता. दुष्काळाच्या वर्षांत तुमच्या स्कूटरला उसंत नसायची. सकाळी फुलंब्री, दुपारी तिच्या पलीकडची वस्ती, दुसऱ्या दिवशी गंगापूर. गंगापूरकडच्या रस्त्याला स्कूटर टिकत नसे, म्हणून वडापच्या जीपमध्ये कुणाच्या तरी कोंबड्यांशेजारी बसून जायचात. संध्याकाळी घरी यायचात तेव्हा भुवयासुद्धा मातीच्या रंगाच्या झालेल्या असायच्या.

अहवाल इंग्रजीत लागायचा. तुम्ही शेतकी पदवीधर, जनावराची पारख पक्की, पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की तुम्हाला घाम फुटायचा. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. तेव्हा तुम्ही खाटेवर पाय पसरून मराठीत सांगायचात आणि मी टाइपरायटरवर इंग्रजीत उतरवायची.

"लिही. म्हैस, काळी, शिंगं मागं वळलेली, कपाळावर पांढरा चांद. स्वभावानं गरीब."

"स्वभाव लिहायला जागा नाही."

"मग एवढा मोठा कागद कशाला छापलाय?"

मी स्वभाव कधी लिहिला नाही. पण आता प्रामाणिकपणे सांगते, ते शब्द ऐकायला मला आवडायचे. आपल्या त्या दोन खोल्यांच्या घरात कितीतरी मेलेल्या म्हशी माझ्या ओळखीच्या झाल्या.

एकदा मी तुमच्याबरोबर आले होते, आठवतं? मुलांना आईकडे ठेवलं होतं. फुलंब्रीच्या पुढे एका मळ्यात गेलो. मी स्कूटरवर मागे, हातात छत्री, लोकांना वाटलं डॉक्टरीणबाई आल्या. तुम्ही जनावराजवळ पोचलात आणि आधी चपला काढल्यात. मला वाटलं खडा रुतला. तसे अनवाणीच क्षणभर उभे राहिलात आणि मग घरच्या बाईला विचारलंत, "नाव काय होतं हिचं?"

म्हातारा मालक बांधावर बसला होता. तो म्हणाला, "साहेब, विम्याला नाव लागतं व्हय?"

"विम्याला नाय. मला लागतं."

"चंपी," बाई म्हणाली आणि इतका वेळ दाबलेलं रडू तिला तिथं फुटलं. मग तुम्ही टेप काढलीत, शिंगं मोजलीत, कान बघितलात, फोटो घेतलेत. परत येताना वाऱ्यावर ओरडून मी म्हटलं, नाव विचारून काय मिळतं? तुम्ही म्हणालात, "लोक मग खरं बोलतात." थोडं पुढे गेल्यावर म्हणालात, "निदान अर्धे."

त्याच मळ्यात बाईनं तांब्याभांडं आणलं होतं आणि तुम्ही हात जोडून नको म्हणालात. तो माझा नियम होता. माझे वडील कोर्टात पेशकार, न्यायाधीशापुढे कागद ठेवणारे. ज्याचं प्रकरण समोर आहे त्याच्या घरी ते पाण्यालाही थांबत नसत. त्या शिस्तीत मी वाढले. शिवाय तुम्हाला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कावीळ झालेली. तेव्हा तुम्ही सर्व्हेअर झालात त्या दिवशीच मी सांगितलं की दावेदाराच्या घरी चहा नाही आणि पाणीही नाही. सासूबाईंचा पितळी फिरकीचा तांब्या मी चिंचेनं घासून काढला, उकळून गार केलेलं पाणी त्यात भरलं आणि फिरकी घट्ट बसवून तुमच्या पिशवीत ठेवला. बरोबर पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. तुम्ही गावाबाहेर कुठल्या तरी झाडाखाली बसून जेवायचात आणि मगच गावात शिरायचात.

माझा हिशेब सरळ होता. टँकरच्या गावात कुणाच्या घागरीतलं पाणी कमी करायचं नाही, कुणाचं मिंधं व्हायचं नाही आणि पोटही बिघडवून घ्यायचं नाही. यात चूक कुठे आहे, हे मी आजही शोधते आहे.

गावांनी मात्र तुमचं नाव पाडलं, बिनपाण्याचा साहेब. त्यात हजामतीचा टोमणा होताच, आणि लोक तो तोंडावर मारायचे. तुम्ही घरी येऊन हसत सांगायचात, "आज वेशीतच पोरं ओरडली, आला रे बिनपाण्याचा!" मलाही त्याचा थोडा अभिमानच वाटायचा. माझ्या समजुतीप्रमाणे ते निःस्पृहतेचं प्रमाणपत्र होतं.

मग सोनाबाई आल्या.

गंगापूरकडची वाडी, मे महिना. जीपनं तुम्हाला फाट्यावर सोडलं आणि तुम्ही उन्हातून चालत गेलात. घरात सोनाबाई, त्यांचा मुलगा आणि नव्यानं आलेली सून. छपराखाली म्हैस पडलेली. सोनाबाईंनी तांब्या पुढे केला. हा सगळा संवाद तुम्ही मला इतक्यांदा सांगितलात की मी तिथं असल्यासारखी तो लिहू शकते.

"पानी घ्या साहेब."

"माझ्याकडं आहे, आजी."

"तुमच्याकडं असंल. आमचं घ्या."

"नियम आहे."

"कुनाचा?"

इथं तुम्ही दर वेळी थांबायचात आणि माझ्याकडे बघायचात. "तुझं नाव सांगावं असं फार वाटलं," म्हणायचात.

सोनाबाई म्हणाल्या, "आमच्याबी घरात नेम हाय. दावनीचं जनावर गेलं की दारात येनारं पहिलं मानूस घोटभर पानी पेत नाय तवर आमी पान्याला शिवत नाय. तांबडं फुटल्यापास्नं बसलोय. तुमी पहिलं मानूस. तुमी इनकार केला तर दुसरं कोन येतंय त्याची वाट बघायची. आन या उन्हात कोन येतंय, सांगा."

तुम्ही तिघांच्या तोंडाकडे पाहिलंत. ओठ सुकलेले. मग तुमच्या डोळ्यांपुढे आधी पाणी नाकारलेली सगळी घरं आली. सर्व्हेअर नेहमी पहिला पोचणारच, जनावर उचलायच्या आधी. तुम्ही विचारलंत, "ही रीत सगळीकडं आहे?"

"सगळ्यांचं मला काय ठावं? आमच्या भावकीत हाय."

किती भावक्यांत होती, ते आपल्याला कधीच कळलं नाही. तुम्ही तांब्या घेतलात आणि प्यालात. मग सोनाबाई प्याल्या, मुलगा प्याला. सून भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांना पाठ देऊन गटागटा प्याली. इतक्या घाईनं की पाणी गळ्यावरून ओघळून तिचा पदर भिजला. तो ओला पदर तुम्ही कधी विसरला नाहीत.

चपला काढून तुम्ही म्हशीजवळ बसलात. बिल्ला कानात होता, आकडा बरोबर. पण ज्या भोकात तो बसवला होता ते कोरं होतं. सूज नाही, खपली नाही, रक्ताचा थेंब नाही. जिवंत कानाला भोक पडलं की तो कान तसा राहत नाही. तुम्ही हे मनाशी जुळवत होता तेवढ्यात मागच्या खोपटातून म्हैस रेकली.

तुम्ही मागे वळून पाहिलंत. मग सोनाबाई म्हणाल्या, "शेजाऱ्याची हाय."

"शेजाऱ्याची म्हैस तुमच्या खोपटात?"

"त्याच्याकडं सावली नाय."

तुम्ही आत जाऊन पाहिलंत. विम्याची म्हैस तीच होती. कपाळावर चांद, कान फाटलेला आणि त्यावर हळद. हळद अजून ओली होती. मेलेली म्हैस त्यांचीच, दुःखही त्यांचंच, फक्त बिल्ला एकीच्या कानातून काढून दुसरीच्या कानात घातलेला.

निघताना सोनाबाई दारात आल्या. "साहेब, पानी पेलात आमचं."

"प्यालो, आजी. गोड होतं."

"गोड कुठलं? मचूळ हाय."

"तरी," म्हणालात आणि फाट्याकडे चालू लागलात.

त्या संध्याकाळी मी टाइपरायटरला कागद लावून बसले होते आणि तुम्ही खाटेवर बसून सांगतच नव्हता. शेवटी सगळं सांगितलंत. मी म्हटलं, "म्हणून तर म्हणत होते, पिऊ नका."

तुम्ही एकदम चिडलात. "पाणी प्यालो म्हणून मला दिसायचं थांबलं नाही."

"मग सांगा, मी टाइप करते."

"करतोय ना. जरा दम धर." खाटेवर आडवे झालात. मग म्हणालात, "ती दुसरी म्हैस त्यांना जगवता येणार नाही. हा दावा मिळाला असता तर तिला पेंड मिळाली असती."

"लिहू का तसं?"

"नको. लिही, दावा ग्राह्य नाही." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चारा छावणीवाल्याला भेटून सोनाबाईंच्या म्हशीसाठी जागा धरलीत आणि वाडीत निरोप धाडलात. त्यांनी उलटा निरोप पाठवला, "पानी पिऊन उलटलेल्या मान्साची सावलीबी नको." निरोप आणणाऱ्यानं तो चौकात चारजणांसमोर सांगितला. पुढे त्या फाट्यावरून जायची वेळ आली की तुम्ही जीपवाल्याला दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला लावायचात. तो लांब पडतो म्हणून कुरकुरायचा.

आणि आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायचे, "ती रीत नव्हती, तो डाव होता. पाणी पाजून तुम्हाला बांधलं त्यांनी." तुम्ही म्हणायचात, "डाव असता तर सुनेचा पदर भिजला असता का?" मी म्हणायचे, "चांगल्या नाटकात पदरही भिजतो." तुम्ही म्हणायचात, "पाणी वेगळं आणि कागद वेगळा." मी म्हणायचे, "एकाच घरात दोन्ही खरं कसं असेल? घर खोटं तर पाणीही खोटं." तुम्हाला हे पटायचं नाही, पण उत्तरही सापडायचं नाही. मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी कधी दुपारच्या चहाला तुम्ही मध्येच म्हणायचात, "तू म्हणतेस तसं नसेल गं." कशाबद्दल, ते मला विचारावं लागत नसे.

मुलांनो, आजोबांनी त्यानंतर प्रत्येक घरी पाणी घेतलं. मी तांब्या देत राहिले आणि तो भरलेलाच परत येत राहिला. ऑफिसात कुणीतरी तक्रार केली की हे दावेदारांकडे खातात-पितात. त्यांना बोलावणं आलं. ते साहेबांना म्हणाले, "पाणी पितो. ज्यांचं पितो त्यांचेही दावे नाकारतो. कागद काढून बघा." कागद माझ्या हातचे, नीट लावलेले. साहेबांनी बघितले आणि चहा मागवला. तुमच्या आजोबांनी तो चहा नाकारला, कारण आता प्रकरण त्यांचं स्वतःचं होतं. हे ऐकून मी पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं हसले.

पोट अर्थातच बिघडायचं. मी गोळ्या द्यायची आणि बोलायची, तुम्ही ताक पीत ऐकून घ्यायचात. पण बदल्यात मला गावोगावच्या पाण्याची चव कळली. हे खारं, ते जड, ह्याला लोखंडाचा वास, त्याच्यात वाळा टाकतात. माझं गाळलेलं, उकळलेलं पाणी पिऊन म्हणायचात, "याला काही गावच नाही."

आणि मग आपणच टँकरच्या पाण्याला लागलो. मुकुंदवाडीत प्लॉट घेतला तेव्हा स्टेशनपर्यंत ज्वारीच होती. पॅसेंजर थांबली की डब्यातल्या माणसांचे चेहरे ओट्यावरून दिसायचे. मी म्हटलं होतं, शहर केवढं लांब. तुम्ही म्हणालात, "येईल की चालत." आणि ते आलं. कारखाने आले, अपार्टमेंट आले, आपल्या विहिरीशेजारी कुणीतरी खोल बोअर घेतलं आणि विहीर आटली. फुलंब्रीच्या रस्त्यावर ज्या टँकरच्या मागे तुम्ही धूळ खात जायचात, तसाच टँकर आता आपल्या गल्लीत उभा राहतो आणि शिकलेली माणसं पाइपावरून एकमेकांना अद्वातद्वा बोलतात. नळ कधी येईल ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं. पाहुणा आला तर पेला अर्धा भरतात. मीही भरायला लागले होते.

तेव्हा तुम्ही तो रांजण आणलात. मी म्हटलं, टँकरचं विकतचं पाणी रस्त्यावर ठेवायचं? आणि उकळायचं कुणी? तुम्ही म्हणालात, "पिणाऱ्यानं विचारलं तर उकळू." कुणी विचारलं नाही. पार्सलवाले, भाजीवाल्या, बांधकामावरच्या बाया, सगळे प्यायचे. तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बसायचात आणि आत येऊन मला बातम्या द्यायचात. "ती फुलंब्रीची बाई आज आली होती. पाठ करून पाणी पिते बघ." तिच्यासाठी पेला पुन्हा एकदा विसळून ठेवायचात. मला वाटायचं, रिकामपण आहे, चालू दे.

शेवटचे दिवस मुलांना सांगायचे नव्हते, पण सांगते. तुमचं हृदय थकलं होतं, अंगावर सूज. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. दिवसाला एवढंच, त्यात औषधाचंही धरायचं. सांभाळणारी मीच. तुम्ही मागायचात, मी कापूस भिजवून ओठांना लावायची. तुम्ही एकदा डोळे मिटून हसलात. "बघ, शेवटी तुझाच नियम."

मी कापूस पुन्हा भिजवला. एरवी मला लगेच उत्तर सुचतं. त्या दिवशी सुचलं नाही आणि नंतर बोलायला तुम्ही राहिला नाहीत. दिवसवार झाले, मुलं येऊन गेली, घर रिकामं झालं. तुमचा तांब्या मी रोज भरत राहिले आणि रोज संध्याकाळी तुळशीला ओतत राहिले. पण मला स्वतःला पाणी जाईना. घोट घेतला की तो कापूस आठवायचा. चहा घ्यायची, ताक घ्यायची. डॉक्टरांना दोष द्यायचा नाही, त्यांचं बरोबरच होतं. माझंही बरोबरच होतं.

काल सकाळी टँकर आला नव्हता. तांब्या, फिल्टर, सगळं कोरडं. फाटकाची कडी वाजली. बाहेर एक साठीकडे झुकलेली बाई, खांद्याला कापडी पिशवी.

"रांजन पालथा का वो ताई?"

मी म्हटलं, "ज्यांचा होता ते गेले."

तिनं पिशवी खाली ठेवली. "साहेब?" मग विचारलं, "येऊ का आत?"

आत आली आणि तुमच्या फोटोसमोर चपला नसलेले पाय जुळवून उभी राहिली. चपला कुठे काढल्या ते मला दिसलंच नाही. "म्हशीचे साहेब," म्हणाली. "मी वळखत व्हते त्यांना. माझं नाव कमल. सासर गंगापूरकडं, सासू सोनाबाई."

पाठ करून पाणी पिणारी ती सून आणि रांजणावरची बाई मी मनात जोडून पाहिली. म्हटलं, "तुम्ही फुलंब्रीच्या ना?"

ती हसली. "सांगितलं व्हय त्यांनी? एकदा इचारलं मला, गाव कोन्तं. मी म्हनलं फुलंब्री. खोटंच. खरं सांगितलं असतं तर तोंड उतरलं असतं त्यांचं. आन मी काय सांगनार? साहेब, मी त्या लबाडाच्या घरची सून?"

तिचा मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात लागला, जमीन रस्त्यात गेली, म्हणून सगळे इकडे आले. ती इथल्या एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटते. रोज आपल्या फाटकावरून जायची. रांजणापाशी पहिल्याच दिवशी तिनं तुम्हाला ओळखलं. मधे काही दिवस ती गावी गेली होती, कालच परतली.

मी बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही, सरळ विचारलं. उलटतपासणी घेतल्यासारखं. "कमलबाई, मला एक सांगा. त्या दिवशी ते पाणी दिलंत, ती रीत होती का डाव?"

तिला कुठला दिवस ते सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "रीतच व्हती की. माझ्या घशाला कोरड पडून चक्कर येत व्हती. पेले ते, म्हनून मी उभी राहिले."

"आणि म्हैस लपवली ती?"

"तो डाव." तिनं खांदे उडवले. "दोन्ही एकाच घरात, ताई. घर हाय, त्यात सगळंच असतं."

"सासूबाई रागावल्या होत्या."

"रागावल्या? लई शिव्या दिल्या. ती म्हैस पुढं इकावी लागली, तवा तर रोज. पार मरंस्तोवर दिल्या. पन दर टायमाला आधी म्हनायच्या, 'पेला व्हता बरं का. तोंड फिरवलं नाय त्यानं.' तेवढं झालं की मग शिव्या."

अहो, हे तुम्हाला ऐकायला मिळायला हवं होतं. तुम्ही मोठ्यांदा हसला असतात, खोकला आला असता, मी पाठीवरून हात फिरवला असता. ती रोज फाटकात उभी होती, दहा पावलांवर, आणि तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून गप्प होती. का तुम्ही ओळखलं होतंत? पाठ करून पाणी पिणारी बाई तुम्ही विसरणं शक्य नाही. पेला दोनदा विसळत होतात ते त्याचसाठी का? तिला अवघड वाटू नये म्हणून तुम्हीही गप्प? मग मला का नाही सांगितलंत? मी 'बघा, मी म्हटलं नव्हतं का' म्हणेन, म्हणून? म्हटलंच असतं मी.

कमलबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचे व्हट लई सुकलेत. पानी पेलात का सकाळधरनं?"

"टँकर आला नाही."

"ते नाय इचारलं."

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली. आतलं पाणी थोडं पिवळट दिसलं. टेबलावर तुमचा तांब्या होता. त्याची फिरकी त्यांनी उघडली, बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि मला पाठ देऊन घोटभर प्याल्या. मग पदरानं तांब्याचा काठ पुसून तो माझ्यापुढे धरला.

"आता तुमी."

कुठलं पाणी आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. बोअरचं का टँकरचं, गाळलंय का, उकळलंय का.

मी विचारलं नाही. मचूळ होतं. सगळं प्यायले.